वाईत दोन दिवस: आई, मुलगा आणि मी. काय पाहावं, कुठे बसावं?

पाटीपेन्सिल | ३ डिसेंबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आईला घेऊन वाईला जायचं ठरवलंय. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. सोबत माझा ११ वर्षांचा मुलगा. नाशिकहून निघून एक रात्र पुण्यात भावाकडे, मग वाईत दोन पूर्ण दिवस.

वाईच का, ते सांगते. आईचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, लहानपणी दोन वर्षं वाईला मामांकडे शिकायला होते. पोहायला कृष्णेतच शिकले. शेवटी शेवटी माणसं ओळखेनात, पण 'मधल्या आळीचा घाट' हे शब्द तोंडात असायचे. पावसाळ्यात मुलं किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायची, हे त्यांनी आईला शंभरदा सांगितलंय. आईने वाई अजून पाहिलेली नाही.

ओळखीत ज्याला विचारावं तो म्हणतो, 'ढोल्या गणपती करा, मेणवली करा, अर्ध्या दिवसात होतं, मग पाचगणी.' मला पाचगणी-महाबळेश्वर करायचंच नाहीये. दोन दिवस वाईतच राहिलो तर काय काय बघता येईल? गुडघ्यांचा विचार करून सांगा, आणि मुलालाही काहीतरी हवं.

घाटवळण | ३ डिसेंबर, रात्री १०:०५

ताई, मनापासून सांगतो, मुक्काम पाचगणीला करा. वाई जेमतेम १२ किलोमीटर खाली आहे. एका सकाळी उतरून गणपती, काशीविश्वेश्वर, मेणवली करून जेवायला परत वर. दुपारनंतर वाईत करण्यासारखं काही नाही. मुलगा कंटाळेल. टेबललँडवर मोकळा पळेल तरी.

कृष्णाकाठची | ४ डिसेंबर, सकाळी ७:१५

माझा जन्म गणपती आळीतला, आता पुण्यात असते. वरचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही म्हटलं तरी चालेल. घाटवळण, तुमच्यावर राग नाही. शेकडो गाड्या रोज हेच करतात: सुरूर फाट्यावरून आत वळायचं, गणपतीच्या दारात गाडी लावायची, पंधरा मिनिटांत दर्शन, फोटो, आणि पसरणी घाट चढायला लागायचं. त्यांना वाई दिसतच नाही. वाई म्हणजे घाट. आणि घाट बघायचा नसतो, तिथे बसायचं असतं.

पाटीपेन्सिलताई, सविस्तर लिहिते.

वाईत नदीकाठी सात घाट आहेत आणि त्यांना आळ्यांची नावं आहेत: गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. अजूनही जुनी माणसं ओळख विचारताना 'कुठल्या आळीचे?' असंच विचारतात. दादांचा घाट यातलाच, तुम्हाला शोधावा लागणार नाही.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला बाहेर पडा. डिसेंबरात कडाक्याची थंडी असते, आईंना शाल आणि पायमोजे हवेतच. पाण्यावर धुकं असतं. त्या वेळी घाटावर गावाचीच माणसं असतात: कोणी स्नानाला, कोणी कपडे धुवायला, कोणी नुसतं अर्घ्य द्यायला. नदीच्या पात्रातही लहान लहान देवळं आहेत, धुक्यातून आधी त्यांचे कळस वर येतात. एक घडीचं स्टूल बरोबर न्या. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. आईंनी खाली उतरायचा हट्ट करू नये, वरच्या टप्प्यावर स्टूल टाकून बसावं. तिथून सगळं दिसतं.

ढोल्या गणपतीला सातच्या आत पोचलात तर गाभाऱ्यात तुम्ही आणि गणपती. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. मूर्ती एकाच दगडातली, सुमारे दहा फूट उंच नि आठ फूट रुंद. दर्शन झालं की लगेच निघू नका, मुलाला घेऊन देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या किंवा होडीच्या टोकासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी त्या टोकावर आपटून दोन बाजूंना फुटतं आणि देवळाला वळसा घालून जातं. बांधणाऱ्यांना नदी माहीत होती. देऊळ पात्राला इतकं लागून बांधायचं तर पाण्याशी झगडा नको, त्याला वाट द्यावी, हा विचार त्या भिंतीत आहे. लहानपणी पुराच्या दिवसांत आम्ही वरून ती भिंत पाणी कापताना बघायचो. अकरा वर्षांच्या मुलाला हे टेबललँडपेक्षा जास्त आवडेल, बघा तुम्ही.

शेजारीच काशीविश्वेश्वर, तेही रास्त्यांचं, १७५७ चं. तिथला काळाभोर गुळगुळीत नंदी आणि दोन दीपमाळा बघा. आवारात सावलीला बसायला जागा आहे.

आणि तुम्ही नाशिकच्या, म्हणून हे मुद्दाम. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच वाईच्या रास्त्यांच्या लेक. उतारवयात त्या तुमच्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या, आणि १७८८ साली त्यांचा अंत झाला तो गोदेच्या काठी. कृष्णेच्या लेकीला गोदेनं सांभाळलं.

बाकीचं संध्याकाळी लिहिते, ऑफिसला निघायचंय.

पाटीपेन्सिल | ४ डिसेंबर, दुपारी १:३०

कृष्णाकाठचीताई, मधल्या सुट्टीत वाचलं आणि आईला फोनवर वाचून दाखवलं. गोपिकाबाईंचं वाचून ती गप्पच झाली. आमच्याकडे गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात, गुडघ्याला लागला, कमरेला लागला, असं. वाईत गणपतीवर मोजतात का?

कृष्णाकाठची | ४ डिसेंबर, रात्री ८:४०

हो, अगदी तसंच. 'गणपतीला पाणी लागलं' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. वर धोम धरण झाल्यापासून पाणी सोडतात तेव्हाच नदी चढते, पण बोलण्यात अजून गणपतीच आहे.

मोडीवेडा | ४ डिसेंबर, रात्री ९:३०

मेणवलीबद्दल मी लिहितो. वाईपासून ३ किलोमीटर, रिक्षा मिळते. लोक एका गाजलेल्या हिंदी सिनेमाचं गाव म्हणून येतात, घाटावर उभं राहून फोटो काढतात नि जातात. पण तो घाट आणि वाडा नाना फडणवीसांचा आहे. मेणवली गाव त्यांना औंधच्या भवानराव प्रतिनिधींकडून मिळालं, १७६८च्या सुमारास. त्यानंतर त्यांनी तिथे वाडा, घाट आणि देवळं उभी केली. वाड्यात सहा चौक आहेत. काही दालनांच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत, रंग अजून शाबूत. नानांचं दप्तर, म्हणजे इतिहासाच्या अभ्यासात ज्याला 'मेणवली दप्तर' म्हणतात ते मोडीतले कागद, याच वाड्यातले. उत्तर मराठेशाहीचा कितीतरी पत्रव्यवहार त्यांतून उजेडात आला.

वाडा बघताना एक करा. चौकात उभं राहून आधी डोळे अंधाराला सरावू द्या. ओसरीच्या खांबांची तासणी, तुळयांवरचं नक्षीकाम हे उन्हातून एकदम आत आल्यावर दिसत नाही. भिंतीच्या चित्रांना हात लावू नका आणि मुलालाही सांगा. माणसांच्या हातांचा घाम लागून लागून खालच्या पट्ट्यातली चित्रं गेलीत, बघून जीव तुटतो.

वाड्यामागे नदीवर चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. मेणेश्वराचं देऊळ आणि विष्णूचं देऊळ. आणि तिथेच ती घंटा! चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या, त्यातली एक. नीट पाहिलं तर घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. पंचधातूची, अतिशय जड. घंटा लोंबते ते छोटं दगडी बांधकामही पाहण्यासारखं आहे.

पाटीपेन्सिल | ४ डिसेंबर, रात्री १०:१५

वसईची घंटा! आमच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळात आहे ना तशीच, तीही त्याच मोहिमेतली. शाळेची सहल दरवर्षी तिथे नेते मी. त्या दोन घंटा एकाच लढाईतून दोन नद्यांच्या काठी आल्या हे मला आज कळतंय.

मोडीवेडा | ४ डिसेंबर, रात्री १०:२०

हो, तीच. भीमाशंकरलाही एक आहे. मुलाला दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी ठेवायला सांगा, घंटांवरचं कोरीवकाम ताडून बघायला मजा येईल त्याला.

घाटवळण | ५ डिसेंबर, सकाळी ९:००

मी पंधरा वर्षांत वाईवरून किमान तीस वेळा गेलो असेन आणि त्या भिंतीमागे एकदाही गेलो नाही. मुक्कामाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. तरी मुलासाठी एक दुपार पाचगणी ठेवा असं अजूनही वाटतं. किंवा भिलार, पुस्तकांचं गाव. २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालं. गावातल्या घराघरांत पुस्तकं ठेवलीत, कुठल्याही घरात जाऊन ओसरीवर बसून वाचा. शिक्षिकेच्या मुलाला आवडायला हरकत नाही.

शब्दखूण | ५ डिसेंबर, सकाळी ११:१०

पुस्तकांचा विषय निघालाच आहे तर भिलारच्या आधी वाईतलंच पाहा. मराठी विश्वकोश वाईत तयार झाला हे किती जणांना माहीत आहे? मंडळाचं कार्यालय गंगापुरीत आहे. पहिला खंड १९७६ चा, एकूण वीस खंड. मुंबई-पुण्यात नाही, एका तालुक्याच्या गावात, नदीकाठी बसून जगभरातल्या ज्ञानाच्या नोंदी मराठीत लिहून, तपासून, छापून काढल्या. अणुगर्भापासून ज्वालामुखीपर्यंत प्रत्येक गोष्टीला मराठी शब्द शोधायचा, नसेल तर घडवायचा. हे काम वर्षानुवर्षं गाजावाजा न करता करणारी माणसं या गावात राहिली, इथल्याच मंडईत भाजी घेऊन घरी गेली.

आणि ते वाईतच का, याला कारण आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. जन्म धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा, १९०१ चा, पण शिकायला आले वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आणि वाईचेच झाले. विश्वकोशाचे प्रमुख संपादक तेच. पाठशाळा नारायणशास्त्री मराठे यांची. पुढे ते संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले. तिथे वेद-शास्त्रं शिकवत, पण बंद दाराआड नाही. १९१७ च्या सुमारास तरुण विनोबा भावे आश्रमातून वर्षाची सुट्टी घेऊन ब्रह्मसूत्रं शिकायला याच शास्त्रीबुवांकडे आले होते. धर्मकोशाचं प्रचंड काम इथलंच. आणि त्याच परंपरेतून घडलेल्या तर्कतीर्थांनी १९३३ साली गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह लावला, तोही शास्त्राच्या आधाराने. शास्त्र शिकलेला माणूस इतका मोकळा असू शकतो, हे वाईनं दाखवलं.

तुमच्या दादांचे मामा वाईत होते, दादा शिकायला आले होते, म्हणजे कोण जाणे, यातल्या कुणाला त्यांनी घाटावर पाहिलंही असेल. हे सगळं सहलीचं 'ठिकाण' नाही, सरकारी कार्यालय नि पाठशाळा आहे, तेव्हा आत भटकायला म्हणून जाऊ नका. पण गंगापुरीतून चालताना मुलाला ती इमारत दाखवा आणि सांगा की मोबाइलवर मराठी विश्वकोश उघडतो तो इथून.

रानवाट | ५ डिसेंबर, दुपारी ४:४५

गुडघ्यांमुळे आईंना जमणार नाही, पण मुलगा आणि तुम्ही एक सकाळ काढू शकत असाल तर लोहारे गावाजवळची पालपेश्वर लेणी. वाईपासून सहाएक किलोमीटर. बौद्ध लेणी आहेत, एका लेण्यात पुढे महादेव आला. चढ थोडका, पोहेगूळ बांधून न्या.

गड म्हणाल तर वाईभोवती आहेतच: पांडवगड, वैराटगड, कमळगड. कमळगड माझा जीव की प्राण. वर तटबंदी-बुरूज फारसं नाही, पण डोंगराच्या पोटात खोल चिरल्यासारखी कावेची विहीर आहे. पायऱ्या उतरून खाली जावं तशी लाल माती नि गारवा वाढत जातो. मात्र त्याला पूर्ण दिवस आणि माहितगार लागतो. या खेपेला नको, मुलगा पंधराचा झाला की या.

सगळ्यांना जमेल असं: धोम. ८-९ किलोमीटर. धरणाच्या जवळ जुनं गाव, नरसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ. महादेवासमोर कमळाच्या आकाराचा दगडी हौद, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. हौदात पाणी असेल तर कासव तरंगत असल्यासारखं दिसतं. पायऱ्या जवळपास नाहीत, आईंना अगदी सोयीचं. दुपारी उन्हाला जा, थंडीत बरं वाटतं.

परसदार | ५ डिसेंबर, सायंकाळी ६:२०

खाण्याचं नि पिशवीचं कुणीच बोललं नाही म्हणून मी. वाईची हळद घ्या. त्या सगळ्या पट्ट्यात हळद होते. डिसेंबरात शिवारात पानं पिवळी पडायला लागलेली दिसतील, काढणी फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा काहिलीत हळकुंडं शिजवतात, सगळ्या रानात वास. आत्ता मिळेल ती गेल्या हंगामाची. दळलेली नको, हळकुंडं घ्या नि नाशिकला गेल्यावर दळा. मोडून बघा, आतून गर्द केशरी असेल ती घ्या. सोबत कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर सोडू नका, साधी आमटीच करा त्याची.

जेवणाला मोठ्या हॉटेलच्या मागे लागू नका. बाजारपेठेत साध्या खानावळी आहेत, भाकरी, पिठलं, ठेचा, वांग्याची भाजी. आईंना ज्वारीची गरम भाकरी मिळेल ती पोळीपेक्षा बरी.

पाटीपेन्सिल | ५ डिसेंबर, रात्री ९:००

किती लिहिलंत सगळ्यांनी! एक प्रश्न. धाकट्या मावशीच्या मैत्रिणीने सांगितलं की घाटावर फार घाण असते, पाण्याला वास येतो. आईच्या मनात इतकी वर्षं जपलेलं काहीतरी आहे, ते मोडू नये असं वाटतं. खरं काय ते सांगा.

कृष्णाकाठची | ५ डिसेंबर, रात्री ९:५०

खरं तेच सांगते, लपवून उपयोग नाही. पाणी वाहतं असेल तेव्हा नदी सुंदर असते. धरणातून पाणी कमी असलं की काठाला ते साचतं, शेवाळ धरतं, निर्माल्य आणि प्लॅस्टिक तरंगतं. गावातली माणसं सकाळी सकाळी जमून घाट झाडतात, पात्रातला कचरा काढतात. मी सुट्टीत आले की जाते. पण येणारे लोक हार पिशवीसकट नदीत सोडतात. गणपतीच्या दारात घेतलेला हार गणपतीला घाला, नदीला नको. नदीला नमस्कार पुरतो.

आईंना आधीच सांगून ठेवा की नदी दादांच्या वेळची नाही. पायऱ्या मात्र त्याच आहेत.

दूरदेशी | ६ डिसेंबर, सकाळी ६:३०

न्यू जर्सीहून लिहितोय. माझं आजोळ बावधन, वाईच्या शेजारचं. हा धागा दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचतोय. पाटीपेन्सिलताई, या खेपेला नाही पण कधीतरी रंगपंचमीला या. भैरवनाथाचं बगाड असतं. नवसाचा बगाड्या शिडाला चढवतात आणि भला मोठा लाकडी गाडा बैलांच्या जोड्या जोडून ओढतात, काळ्या रानातून, सोनेश्वरपासून बावधनपर्यंत. बैलांवर, माणसांवर, सगळ्यांवर गुलाल. आजोबा बैलजोडी द्यायचे. त्यांच्या हातातला कासरा मी धरला होता, सात वर्षांचा असताना. गर्दी अफाट असते, आईंना आणू नका, तुम्ही आणि मुलगा या.

आणि पसरणी घाट चढलात तर पायथ्याच्या पसरणी गावाला नमस्कार करा. शाहीर साबळे तिथले. १९२३ चा जन्म. आम्ही लहानपणी गाडीतून जाताना आई हात जोडायला लावायची.

कृष्णाकाठची | ६ डिसेंबर, सकाळी ७:४०

दूरदेशी, डोळ्यांत पाणी आलं. बगाडाच्या आधी कृष्णाबाईचे उत्सव असतात ना, तेही सांगायला हवं होतं मी. थंडी ओसरायला लागली की एकेका आळीच्या घाटावर पाळीपाळीने उत्सव होतो. नदीलाच कृष्णाबाई म्हणून बसवतात, लुगडं नेसवतात, दागिने घालतात. कीर्तन, आरत्या, घाटावर पंगती. अफझलखान वाईत तळ देऊन होता, १६५९ साली, तेव्हा शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून कृष्णाबाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी वाईची परंपरा आहे. माझी आजी उत्सवात कृष्णाबाईला 'बाई' म्हणूनच बोलायची, शेजारणीशी बोलावं तसं.

पाटीपेन्सिल | २६ डिसेंबर, रात्री ८:१५

धागा वर काढतेय. काल परत आलो. वृत्तांत लिहिल्याशिवाय चैन पडेना.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. थंडी इतकी की मुलाच्या तोंडातून वाफ. गणपतीच्या गाभाऱ्यात खरंच आम्ही तिघं आणि पुजारी. आई मूर्तीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, 'दादा म्हणायचे, याचं पोट बघून भूक लागायची.' हे मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. त्या जागी उभं राहिल्यावर तिला आठवलं.

मागची भिंत बघितली. मुलाने दोन्ही हात जोडून भिंतीच्या टोकासारखे केले आणि 'पाणी इकडून, पाणी तिकडून' करत राहिला. परत आल्यावर त्याने बादलीत विटेच्या तुकड्यावर प्रयोग केला: एकदा सपाट बाजू पाण्याला, एकदा कोपरा. सुट्टी संपली की वर्गात सांगणार आहे.

मेणवलीला वाड्यात डोळे सरावू दिले, मोडीवेडा, तुमचं ऐकून. पहिली काही मिनिटं काळोखच. मग खांब दिसले, मग भिंतीवरची माणसं. घाटाच्या पायऱ्या आईला जमणाऱ्या नव्हत्या, ती वरच बसली. घंटेवरची मेरी मुलानेच शोधली. नारोशंकराचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आधीपासून होताच. दोन्ही शेजारी ठेवून त्याने आईला दाखवलं, आणि आईने कपाळाला हात लावला, घंटेला करतात तसा नमस्कार केला.

दुपारी गंगापुरी. विश्वकोशाची इमारत बाहेरूनच पाहिली. मुलाने तिथेच उभं राहून मोबाइलवर 'कासव' शोधलं, कारण दुसऱ्या दिवशी धोमला जायचं होतं. नोंद वाचत वाचत चालला, दोनदा धडपडला. धोमच्या हौदात थोडं पाणी होतं, कासव अर्धं बुडालेलं. भिलारला गेलो नाही, घाटवळण, वेळच उरला नाही. पालपेश्वरही राहिलं. चार किलो हळकुंडं मात्र घेतली, परसदार, आतून गर्द केशरी बघूनच.

आता मधली आळी. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. रस्ता विचारावा लागला नाही, आई पुढे चालत होती. घाटावर चार-पाच बायका बसल्या होत्या. एका आजींनी विचारलं, 'कुठल्या आळीचे?' आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'मधल्या.' त्या सरकल्या, जागा दिली. स्टूल उघडलंच नाही, आई पायरीवर बसली. गुडघे दुखत असणार, बोलली नाही.

पाणी वाहतं होतं. काठाला थोडं शेवाळ होतं, एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती, ती मुलाने काठीने काढली. मग आईने त्याला कोरड्या पायऱ्या मोजायला लावल्या. तो खाली जाऊन वर आला, आकडा सांगितला. आई म्हणाली, 'पुन्हा मोज, पाण्याखालच्या दिसतात त्यासुद्धा.' अंधार पडेपर्यंत हेच चाललं होतं.

रानवाट | २६ डिसेंबर, रात्री ९:०५

किती सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली.

घाटवळण | २६ डिसेंबर, रात्री ९:४०

मी मागच्या रविवारी गेलो होतो. एकटाच, सकाळी सातला. भिंतीमागे उभा राहिलो. पुढे पाचगणीला गेलोच नाही.

ओसरी | २७ डिसेंबर, सकाळी १०:००

पाटीपेन्सिलताई, आमच्याही घरी गुडघेदुखीच्या सासूबाई आहेत. पुण्याहून एसटीने जमेल का? गावात फिरायला वाहन लागतं का?

पाटीपेन्सिल | २७ डिसेंबर, दुपारी १२:२०

जमेल. स्वारगेटहून वाईच्या गाड्या आहेत, साधारण ९० किलोमीटर. खंबाटकी घाटात गाडी वळणं घेते, सासूबाईंना गाडी लागत असेल तर आलेपाकाची वडी जवळ ठेवा. गावातल्या गावात आळ्या जवळ जवळ आहेत, हळूहळू चालत होतं. मेणवली आणि धोम, दोन्ही दिवशी आम्ही रिक्षाने, थांबवून ठेवून केलं. मुक्काम नदीजवळच घ्या, म्हणजे सकाळी अंधारात लांब चालावं लागत नाही. आणि स्टूल न्याच, माझ्या आईने वापरलं नाही तरी.

कृष्णाकाठची | २७ डिसेंबर, रात्री ८:३०

पाटीपेन्सिलताई, त्या आजींनी जागा दिली ना, तिथेच उत्सवाचा मांडव पडतो. मधल्या आळीच्या कृष्णाबाईची तारीख कळली की इथे टाकते.

पाटीपेन्सिल | २७ डिसेंबर, रात्री ८:५०

नक्की टाका. आईने नऊवारी आत्ताच काढून उन्हात घातलीय.